दाणे चांगले, ढीग वाईट: वाळूच्या भरावातून किती उष्णता जाईल, हे आधी कसं सांगायचं?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली अडखळ आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून इथे ते जरा सावकाश मांडले आहेत.)

आज सुरुवात भडभुंज्यापासून करूया. मोठी कढई, खाली जाळ, कढईत काळपट तापलेली वाळू, आणि त्या माणसाचा हात क्षणभर थांबत नाही. झारा सतत फिरतोय. का बरं? हात थांबला तर तळाची वाळू भयंकर तापेल, वरची तशीच कोमट राहील. हरभरे खाली करपतील आणि वर कच्चे राहतील. वाळू एका जागी पडून राहिली की स्वतःतून उष्णता पुढे सरकवायला फार आळशी असते. म्हणून तो माणूस वाळूलाच इकडून तिकडे नेतो.

आता यातली गंमत बघा. वाळूचा दाणा म्हणजे बहुतेक वेळा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. आणि गारगोटी उष्णतेची चांगली वाहक आहे, काँक्रीटपेक्षा कितीतरी चांगली. मग दाणा चांगला आणि दाण्यांचा ढीग वाईट, हे कसं? आणि ढिगात बारीक-जाड दाणे मिसळले तर काय होतं? आजचा भाग एवढ्याच प्रश्नावर आहे. प्रश्न साधा वाटतो, पण याचं उत्तर चुकलं म्हणून एका मोठ्या शहराचा मध्यभाग पाच आठवडे विजेवाचून राहिला होता. आधी ते सांगतो.

ऑकलंड, फेब्रुवारी १९९८

न्यूझीलंडमधलं ऑकलंड. शहराच्या व्यापारी भागाला वीज प्रामुख्याने चार मोठ्या भूमिगत केबलमधून यायची, ११० किलोव्होल्टच्या. दोन जुन्या, वायू भरलेल्या. दोन त्यानंतरच्या, तेल भरलेल्या. तो तिकडचा उन्हाळा, उष्ण आणि कोरडा. जानेवारीत एक केबल गेली. फेब्रुवारीत दुसरी गेली. उरलेल्या दोघींवर सगळा भार आला, आणि १९-२० फेब्रुवारीला त्याही गेल्या. कार्यालयं दुसरीकडे हलली, त्या भागात राहणाऱ्या लोकांना दुसरीकडे सोय बघावी लागली, आणि तातडीने खांबांवरून तात्पुरती लाइन ओढावी लागली.

चौकशीत कारणं अनेक निघाली. केबल जुन्या होत्या, देखभालीचेही प्रश्न होते. पण आपल्या विषयाचा मुद्दा असा, की केबलभोवतीची माती आणि भराव जेवढी उष्णता बाहेर नेतील असं धरलं होतं, तेवढी ते नेत नव्हते. म्हणजे कागदावर केबलची जी क्षमता लिहिली होती, ती प्रत्यक्षात जमिनीखाली नव्हतीच.

केबलमधून वीज गेली की तांबं किंवा ॲल्युमिनियम तापतं. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट. ही उष्णता जाणार कुठे? आजूबाजूच्या मातीतून वर जमिनीपर्यंत. माती अडली, तर केबल स्वतःच्याच उष्णतेत शिजते. म्हणून केबल पुरणाऱ्याला खड्डा बुजवण्याआधी एक आकडा हवा असतो: हा भराव किती उष्णता नेईल?

आकड्यांची ओळख

या आकड्याला उष्णतावाहकता म्हणतात. एक मीटर जाड, एक चौरस मीटर तोंडाचा ठोकळा घ्या. दोन बाजूंत एक अंशाचा फरक ठेवा. सेकंदाला जितके ज्यूल, म्हणजे जितके वॅट पलीकडे जातील, ती त्याची वाहकता. एकक आहे वॅट प्रति मीटर-केल्विन, पण आपण नुसता आकडाच बोलू.

गारगोटी: सुमारे ७. पाणी: ०.६. हवा: ०.०२६. आणि कोरडी, एकसारख्या दाण्यांची वाळू: ०.३ च्या आसपास.

ढिगात साठ टक्के गारगोटी असते आणि चाळीस टक्के हवा. तरी ढिगाची वाहकता गारगोटीच्या पाव सोडा, विसाव्या हिश्श्याइतकीसुद्धा नाही. आपण सरळ सरासरी काढून मोकळे होतो, आणि इथेच फसतो. आता चार जणांना तोच प्रश्न विचारूया आणि कोण किती चुकतो ते बघूया.

चार अंदाज, एक ढीग

पहिला म्हणतो, सरळ सरासरी घ्या. साठ टक्के सात, चाळीस टक्के ०.०२६. उत्तर ४.२. हे कधी खरं ठरेल? गारगोटीचे अखंड खांब या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे असतील आणि मधे हवेचे खांब असतील, तर. आपल्या ढिगात असे खांब नाहीत.

दुसरा म्हणतो, थर आडवे माना, एक गारगोटीचा, एक हवेचा. प्रत्येक ज्यूलला दोन्ही थर ओलांडावेच लागतील. उत्तर ०.०६५. हा फारच निराश माणूस आहे, कारण ढिगात दाणे एकमेकांना टेकलेले असतात, सलग हवेचा थर कुठेच नसतो.

ही झाली कमाल आणि किमान मर्यादा. खरं उत्तर यांच्यामधेच असणार, हे नक्की. पण ०.०६५ ते ४.२ म्हणजे पासष्टपट अंतर! यावर कोणी केबल पुरेल का?

तिसरा आहे मॅक्सवेल. विजेचुंबकत्वाचे सिद्धांत मांडणारा तोच. त्याने १८७३ च्या आपल्या ग्रंथात एक सूत्र दिलं: एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे गोळे विखुरले आहेत, तर एकूण वाहकता किती? आपले आकडे घातले तर ०.१४ येतं. कमी का? कारण मॅक्सवेलचे गोळे एकमेकांपासून लांब आहेत. किसमिस पेरलेल्या शिऱ्यासारखे. आपले दाणे एकमेकांच्या अंगावर पडलेत.

चौथा अंदाज मृदाशास्त्रात फार वापरतात, भौमितिक मध्य. त्यातून ०.७५ येतं. ओल्या मातीत तो बऱ्यापैकी चालतो, कारण पाणी आणि दगड यांच्या वाहकतेत दहा-बारापटीचाच फरक असतो. पण कोरड्या वाळूत फरक २७० पटीचा आहे, आणि तिथे हा अंदाज दुपटीहून जास्त फुगतो. लक्षात ठेवा, नेमक्या धोक्याच्या वेळी, म्हणजे माती सुकलेली असताना, हे सूत्र आपल्याला खोटा दिलासा देतं.

उष्णता खरं जाते कुठून?

आता दोन दाणे डोळ्यांपुढे आणा. दोन गोट्या एकमेकींना टेकलेल्या. प्रत्यक्ष स्पर्श होतो तो एका बिंदूत, सुईच्या टोकाहून बारीक. त्यातून फारशी उष्णता जात नाही. पण त्या बिंदूच्या अगदी शेजारी बघा. तिथे दोन पृष्ठभागांमधे हवेची फट आहे, पण अत्यंत पातळ. हवा वाईट वाहक खरी, पण थर इतका पातळ असेल तर उष्णता सहज उडी मारते. बिंदूपासून लांब जावं तशी फट रुंदावते आणि उडी महाग होत जाते.

म्हणजे ढिगातली बरीचशी उष्णता जाते ती दाण्यातून, मग स्पर्शबिंदूभोवतीच्या पातळ हवेतून, मग पुढच्या दाण्यात. अडथळा दाण्यात नाही. अडथळा आहे त्या फटींमध्ये.

याचा पुरावा चंद्रावर आहे. चंद्राची माती म्हणजे बारीक दाण्यांचा ढीगच, पण फटींमध्ये हवा नाही. उरले फक्त स्पर्शबिंदू. वरच्या थराची वाहकता आपल्या कोरड्या वाळूच्या शंभर पटींहून कमी भरते. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरच्या ‘चास्टे’ उपकरणाने ऑगस्ट २०२३ मध्ये मातीत तापमापक खुपसले, तेव्हा पृष्ठभाग आणि आठ सेंटीमीटर खोली यांच्यात सुमारे साठ अंशांचा फरक दिसला. आठ सेंटीमीटर म्हणजे जेमतेम चार बोटं!

हे फटींचं चित्र हिशेबात आणणारं एक सूत्र झेनर आणि श्लुंडर या जर्मन अभियंत्यांनी १९७० मध्ये दिलं. रासायनिक अभियंते ते आजही वापरतात. सूत्र लांबलचक आहे, इथे लिहीत नाही. पण त्याला लागतात मुख्यतः तीन गोष्टी: दाण्याची वाहकता, फटीतल्या वायूची वाहकता, आणि पोकळीचं प्रमाण. शिवाय दाण्याच्या आकाराचा एक गुणक, गोल दाण्यांसाठी १.२५. आपले आकडे घाला: ७, ०.०२६, चाळीस टक्के. उत्तर ०.३०. वाळूत मोजून जे येतं, त्याच्या अगदी जवळ.

मग सुधारायचं काय?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की वाळूऐवजी आणखी चांगला वाहक पदार्थ वापरला तर? झकास प्रश्न. त्याच सूत्रात दाण्याची वाहकता ७ ऐवजी ४२ घालूया, सहापट. ढिगाची वाहकता किती होते? ०.३० ची ०.४४. सहापट चांगला माल आणला, हाती आली दीडपटसुद्धा नाही. सूत्रात दाण्याची वाहकता लॉगरिदमच्या आत जाऊन बसते, म्हणून तिचा जोर ओसरतो. फट तशीच राहिली ना! दोन शहरांमधला महामार्ग आठपदरी केला आणि मधला टोलनाका एकपदरीच ठेवला, तसं झालं हे.

आता दुसरा उपाय. माल तोच, साधी वाळू. फक्त पोकळी चाळीस टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणू. सूत्र सांगतं: ०.७१. दुपटीहून जास्त! आणि पैसे? पदार्थ बदललाच नाही, फक्त दाण्यांची निवड बदलली.

बारीक-जाड एकत्र

पोकळी निम्मी कशी करायची? घरी करून बघा. बरणीत गोट्या भरा, काठोकाठ. बरणी भरली असं वाटेल, पण अजून चाळीस टक्के जागा रिकामी आहे. आता वरून रवा ओता आणि बरणी हलवा. रवा आत जिरतो. गोट्यांची पातळी तसूभरही वाढत नाही.

हिशेब सोपा आहे. १०० लिटरच्या पिंपात ६० लिटर जाड दाणे, ४० लिटर पोकळी. त्या पोकळीत बारीक दाणे भरले, तेही साठ टक्केच बसतात, म्हणजे २४ लिटर. एकूण ८४ लिटर घन पदार्थ, पोकळी उरली सोळा टक्के. बारीक मालाचा वाटा घन पदार्थात साधारण २९ टक्के. त्यातही आणखी बारीक भुकटी टाकली तर पोकळी आणखी घटते. काँक्रीटवाल्यांना हे शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. फुलर आणि थॉम्पसन यांनी १९०७ मध्ये खडी-वाळूच्या प्रतवारीचा जो आलेख दिला, तो याच विचाराचा.

पण मिश्रणात तीन खाचखळगे आहेत.

पहिला: बारीक दाणा पुरेसा बारीक हवा. तीन गोल दाण्यांमधल्या भोकातून जायचं तर तो जाड दाण्याच्या साधारण सातव्या हिश्श्याहून लहान लागतो. नाहीतर तो आत शिरण्याऐवजी जाड दाण्यांनाच एकमेकांपासून दूर ढकलतो.

दुसरा: बारीक माल जास्त झाला तरी तेच. वाटा तीस टक्क्यांच्या खूप पुढे गेला की जाड दाणे बारीक दाण्यांच्या समुद्रात तरंगायला लागतात, आणि पोकळी परत वाढते. कमाल फायदा मधेच कुठेतरी असतो, टोकाला नाही.

तिसरा सगळ्यांत व्यावहारिक: मिश्रण ट्रकमधून ओततानाच वेगळं होतं. जाड दाणे घरंगळून कडेला जातात, बारीक मधे बसतात. प्रयोगशाळेत वीस टक्के पोकळी होती, खड्ड्यात एका जागी वीस आणि दुसरीकडे पस्तीस. आणि केबल तापते ती तिच्या सगळ्यांत वाईट मीटरवर. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव मीटर उत्तम असून उपयोग नाही. म्हणूनच थरांथरांनी भरणं आणि प्रत्येक थराचं धुम्मस करणं महत्त्वाचं. किंवा मग वाळू, थोडं सिमेंट, फ्लाय अ‍ॅश आणि पाणी यांचा पातळ काला करून ओततात. तो स्वतःच सगळीकडे पसरतो आणि मिश्रण फुटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. मिश्र दाण्यांसाठी तो आकाराचा गुणक १.२५ च राहतो असं नाही. सूत्राने दिशा कळते, प्रमाण कळतं. पक्का आकडा तुमच्या मालावर मोजूनच घ्यावा लागतो.

आता परत केबलकडे

केबलवाले वाहकतेऐवजी तिचा व्यस्त वापरतात, म्हणजे अडथळा. एकसारख्या कोरड्या वाळूचा ०.३० म्हणजे अडथळा ३.३. चांगल्या मिश्रणाचा ०.७१ म्हणजे १.४. आणि ओलसर माती असेल तर साधारण १ धरतात.

एक केबल घ्या. व्यास दहा सेंटीमीटर, खोली एक मीटर, प्रत्येक मीटरमागे ३० वॅट उष्णता. सोयीसाठी सगळी जमीन एकाच मालाची माना, जमिनीचं तापमान २५ अंश. केबलचा पृष्ठभाग किती तापेल?

ओलसर माती: सुमारे ४३ अंश.
कोरडं, चांगलं मिश्रण: ५० अंश.
कोरडी, एकसारखी वाळू: ८३ अंश.

आणि हे पृष्ठभागाचं तापमान. आतला तांब्याचा गाभा त्याहून गरम. आजच्या बऱ्याच केबलच्या वेष्टनाला सततची मर्यादा असते ९० अंश. म्हणजे पहिल्या दोन ठिकाणी केबल निवांत आहे, तिसऱ्या ठिकाणी काठावर. केबल तीच, प्रवाह तोच, खड्डाही तसाच.

तुम्ही म्हणाल, सगळी जमीन थोडीच बदलता येते? नाहीच. पण गंमत अशी, की या उदाहरणात एकूण अडथळ्याचा जवळजवळ अर्धा वाटा केबलभोवतीच्या पहिल्या २५ सेंटीमीटरमध्येच असतो. कारण उष्णता सगळी तिथूनच, चिंचोळ्या जागेतून बाहेर पडते. पुढे तिला पसरायला जागा मिळते. म्हणून केबलभोवती पाऊण मीटर रुंदीत चांगला भराव घातला तरी मोठा फरक पडतो.

पाण्याचा भरवसा

इथे खरा धोका येतो. ओलसर माती चांगली का? कारण थोडंसं पाणी कुठे जाऊन बसतं? नेमकं स्पर्शबिंदूभोवती, त्या पातळ फटींमध्ये. हवेच्या जागी तेवीसपट चांगला वाहक. टोलनाक्यावरच नवीन खिडक्या उघडल्या! म्हणून वाळूत जरासा ओलावा आला तरी वाहकता कितीतरी पटींनी वाढते.

पण केबल गरम असते. पाणी वाफ होऊन गार भागाकडे सरकतं. केबलचा पृष्ठभाग सतत पन्नास-साठ अंशांवर राहिला की जवळची माती सुकत जाते. सुकली की अडथळा वाढतो. अडथळा वाढला की केबल आणखी तापते. आणखी तापली की आणखी सुकवते. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःच्याच बळावर फिरतं. आणि ते सुरू कधी होतं? भर उन्हाळ्यात, जेव्हा जमीन आधीच कोरडी असते आणि विजेची मागणी जास्त. ऑकलंडची एक केबल गेल्यावर दुसरीवर भार वाढला, हे आठवा.

आपल्याकडची काळी माती तर यात एक पाऊल पुढे. ओली असताना बरी, पण उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात. केबल आणि मातीत फट पडली, की मधे हवा आली. मग मातीची वाहकता कितीही असो, केबलला ती मिळतच नाही.

म्हणून मिश्र दाण्यांच्या भरावाचं खरं मोल ओलं असतानाच्या आकड्यात नाही. ओलं असताना जवळजवळ सगळेच भराव बरे असतात. मोल आहे ते पूर्ण सुकल्यावरच्या आकड्यात: तिथे एकसारखी वाळू ३.३ वर जाते आणि मिश्रण १.४ वर थांबतं. त्यात बारीक फटी जास्त असल्याने पाणीही जास्त काळ धरून ठेवलं जातं, तो फायदा वेगळाच.

मोजायचं कसं?

उपकरण साधं आहे. एक लांब सुई, आत तापवणारी तार आणि तापमापक. ती भरावात खुपसायची, ठरावीक वीज द्यायची, आणि तापमान किती वाढतं ते बघत बसायचं. वेळ दुप्पट झाला की तापमान दर वेळी तितकंच वाढतं. ती वाढ जितकी कमी, तितका भराव चांगला.

पण एकदाच मोजून थांबायचं नाही. नमुना ओला असताना मोजा, थोडा सुकवून मोजा, पूर्ण सुकवून मोजा. मग आलेख काढा. बराच वेळ रेघ सपाट जाते, आणि एका ठरावीक ओलाव्याखाली अचानक वर उसळते. ते वळण कुठे आहे, आणि शेवटचं टोक किती उंच आहे, हे दोन आकडे केबलचं भवितव्य ठरवतात. पावसाळ्यात एकदाच सुई खुपसून आलेला आकडा उन्हाळ्यासाठी वापरला, तर सूत्र कितीही चांगलं असो, उत्तर चुकणारच.

ऑकलंडने पुढे शहरासाठी केबलचा बोगदा बांधला, सुमारे नऊ किलोमीटरचा. बोगद्यात केबलभोवती हवा खेळवता येते, मातीच्या मर्जीवर राहावं लागत नाही. पण प्रत्येक गावाला बोगदा परवडत नाही. बाकीच्यांना वाळू, खडीची भुकटी आणि धुम्मस यांवरच भागवायचं आहे, आणि नीट केलं तर ते भागतं.

तर पुढच्या वेळी रस्ता खोदून केबल टाकताना दिसली, तर जरा थांबून बघा. खड्ड्यात परत काय टाकताहेत? खोदून काढलेलीच ढेकळं, की बारीक-जाड मिसळलेला निवडक माल? आणि धुम्मस करताहेत, की नुसतंच बुजवताहेत? त्या भागातले दिवे येत्या मे महिन्यात चालू राहतील का, याचा बराचसा हिशेब तिथेच होऊन गेलेला असतो.

आज इथेच थांबतो. गोट्या आणि रव्याचा प्रयोग केलात, तर रवा किती वाट्या बसला ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.